बाणाग्र

बाणाग्र : बाणाच्या दांड्याच्या पुढील टोकास असलेला, लक्ष्यात शिरणारा, त्यास कापणारा किंवा त्यावर आघात करणारा भाग. यास फळ किंवा शल्य असेही म्हणतात. लक्ष्य, धनुष्याची ताकद व दांड्याचे वजन यांचा एकत्र विचार करून बाणाग्र निवडावे लागते. सर्व प्रसंगी उत्तम ठरेल असे एकच बाणाग्र नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात बाणमुखांची छेदन, भेदन व ताडन अशी तीन कार्ये सांगितली असून ती लोखंड, हाड व लाकूड यांची असावीत, असे म्हटले आहे.

द्रव्ये : दांड्याचेच टोक तासून विस्तवावर शेकणे, हा सर्वांत सोपा प्रकार होय. खैरासारख्या कठीण लाकडाचे टोक वेगळे करून बांबूच्या पोकळीतही बसविता येते. हाड दगडाइतके ठिसूळ नसल्याने त्याचे लांब, निमुळते टोक सहसा तुटत नाही. परंतु त्यास तीक्ष्ण धार येत नाही. दगडाची धार तीक्ष्ण असते; मात्र हाडावर आपटताच ती फुटते.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा परिसर उल्हास नदीच्या खोऱ्यात असून तेथील प्रमुख खडक बेसाल्ट आहे. त्यापासून बारीक, धारदार छिलके काढणे कठीण असते. बेसाल्टच्या पोकळ्यांत आढळणाऱ्या कॅल्सेडोनी, अकीक इ. दगडांचे छिलके मात्र काचेप्रमाणे धारदार निघतात. अशा दगडांच्या, बहुधा १ ते ४ सेंमी. लांबीच्या सूक्ष्मास्त्रांपैकी काही दांड्याच्या खाचेत राळेने चिकटवून बाणाग्रे बनवीत. मुंबई परिसरातील सूक्ष्मास्त्रांवरील के. आर. यू. टॉड यांचा लेख १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर प्रदेशातील सराई नाहर राय येथे मानवी सांगाड्याच्या हाडात रुतलेले सूक्ष्मास्त्र मिळाले असून त्यावरून त्यांचा मारक उपयोग स्पष्ट होतो.

लोखंडाचा प्रसार झाल्यावर दगडी बाणाग्रे मागे पडली. लोखंडी फळ ठोकून घडविता येते, बोथटल्यास पुन्हा परजता येते आणि वाकल्यास सरळ करता येते. त्यास पाणी देताना लोहाराला बेताने काम करावे लागते. फळ फार कडक झाल्यास तुटते, मऊ राहिल्यास वाकते.

आकार : अरुंद, सुईसारखे अग्र कमी जोराच्या धनुष्यानेही खोल शिरते, पण जखम लहान करते. रुंद पात्याने जखम मोठी होते. मात्र ते आत शिरण्यास अधिक जोर लागतो आणि ते वाऱ्याने भरकटण्याचा संभव असतो. पक्षी व लहान प्राणी यांसाठी बोथट लाकडी अग्र वापरतात. ते न रुतता आघाताने काम करते. मागे वळलेले काटे असलेले अग्र ओढून काढताना मांस फाटते. म्हणूनच सुश्रुतसंहितेत काटेरी (कर्णयुक्त) व गुळगुळीत शल्यांचा वेगळा विचार आहे, तर मनुस्मृतीत काटेरी व विषारी बाणांचा युद्धात निषेध केला आहे.

वजन व तोल : बाणाचा गुरुत्वमध्य त्याच्या मध्यबिंदूच्या पुढे असावा लागतो. ७५ सेंमी. लांबीचा बाण बोटावर तोलला असता तो मध्यापासून ९ सेंमी. पुढे तोलला गेला, तर हा फरक लांबीच्या १२ टक्के होतो. अग्र फार हलके असल्यास बाण डळमळतो. ते फार जड असल्यास सुटताना दांडा अधिक वाकतो व बाण लवकर खाली येतो. त्यामुळे बारीक बोरूला जड लोखंडी फळ शोभत नाही. अग्र दांड्याच्या अक्षाशी सरळ रेषेत असणेही आवश्यक असते. तात किंवा दोरा घट्ट गुंडाळून त्यावर राळ वा लाख चढवितात.

चुकीच्या निवडीचे फळ नेम चुकण्यापुरतेच नसते. कमजोर धनुष्यावर रुंद अग्र चढविल्यास प्राणी मरत नाही. तो घायाळ होऊन रानात निघून जातो व शिकाऱ्याचे श्रमही वाया जातात. ठाणे व रायगड जिल्ह्यांतील कातकरी, ठाकूर इ. जमातींत तिरकामठ्याने शिकार करण्याची परंपरा होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीवर निर्बंध आले. शिकार थांबणे आवश्यक होते. तथापि कोणत्या दांड्यास कोणते अग्र, हे ज्ञान प्रत्यक्ष वापरातूनच पुढच्या पिढीकडे जात असल्याने त्याची नोंद ठेवणे अगत्याचे ठरते. संग्रहालयात सुटे ठेवलेले बाणाग्र त्याच्या दांड्याविना व धनुष्याविना अर्धीच माहिती देते.