उंबरठ्याच्या आतली मिळकत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैनिकांसाठी उभारलेल्या बराकींत १९४७ नंतर सिंधमधील निर्वासित कुटुंबांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. परंतु ‘कॅम्प’ हा शब्द काही गेला नाही. एक ते पाच हे कॅम्पांचे आकडे आजही तेथील पत्त्यांत असतात. या शहराच्या उद्योगशीलतेचे कौतुक पुष्कळ झाले. तिच्यात स्त्रियांचा वाटा किती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

सिंधी हिंदूंमध्ये आमिल हा नोकरपेशाचा व सुशिक्षित वर्ग; तेथे मुलींच्या शिक्षणास फाळणीपूर्वीच आरंभ झाला होता. व्यापारी भाईबंदांच्या घरी मात्र स्त्रीने बाहेर जाऊन पैसा मिळविणे म्हणजे पुरुषाच्या कर्तृत्वास कमीपणा, अशी समजूत होती. निर्वासितपणाने ही समजूत मोडली असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. गरजेने काम घरात आणले, स्त्रीला घराबाहेर नेले नाही. पापड-लोणची बराकीत तयार होत आणि पुरुष ती गाडीत वा रस्त्यावर विकीत. माल तिचा, गल्ला त्याचा. आणि ‘आमच्या बायका नोकरी करीत नाहीत’ हे वाक्य अबाधित!

निर्वासितांच्या छावण्यांत हे सर्वत्र थोड्याफार फरकाने दिसते. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने १९६२ मध्ये रामल्ला येथे मुलींसाठी निवासी प्रशिक्षण केंद्र काढले. शिक्षिकेचा पेशा तेथील समाजाने अन्य नोकऱ्यांच्या मानाने लवकर मान्य केला. सिंधी समाजातही तसेच घडले. हैदराबाद-सिंधहून आलेल्या लेखिका पोपटी हिरानंदानी मुंबईत प्राध्यापिका झाल्या. शाळा-महाविद्यालय ही जणू घराचीच वाढीव ओसरी मानली गेली.

प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा असता तर एवढी चर्चा नको होती. परंतु समाजाची दृष्टी मजुरीचा दरही ठरविते. ‘रिकाम्या वेळातले’ काम म्हटले की त्या वेळेला किंमत उरत नाही. शिरगणतीतही ही बाई ‘गृहिणी’ म्हणून नोंदली जाते. कौटुंबिक उद्योगातील बिनमोबदल्याचे कामही धरावे, असा स्पष्ट उल्लेख १९९१ च्या जनगणनेच्या प्रश्नात करावा लागला, तो अशी कामे निसटत होती म्हणूनच.

आता हा विषय सिंधी कुटुंबांपुरता राहिलेला नाही. उल्हासनगरापासून अंबरनाथ, बदलापूर, वांगणीपर्यंत वस्ती वाढली असून तीत मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. तयार कपड्यांचे सुटे धागे कापण्यासारखी कामे नगावर घरी दिली जातात. कारखान्यात जाणाऱ्या सुनेविषयी शेजारी चौकशी करतात. दारात बसून तेच काम करणारीविषयी कोणी काही विचारीत नाही. त्यामुळे नगामागे किती मिळतात, हेही कोणी विचारीत नाही.