अभियंत्याचा परवाना आणि निरंतर शिक्षण

१८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत नैसर्गिक वायूच्या गळतीमुळे स्फोट होऊन सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी राज्याने अभियंत्यांसाठी परवान्याचा कायदा केला. लोकांची सुरक्षितता हा त्याचा मूळ हेतू होय.

परंतु परवाना मिळवितानाचे ज्ञान कालांतराने अपुरे पडते. म्हणून तेथे वार्षिक नूतनीकरणासाठी १५ तासांचे व्यावसायिक शिक्षण आवश्यक मानले आहे. त्यांपैकी किमान १ तास व्यावसायिक नीतिमत्तेसाठी असावा लागतो. अभ्यासक्रम, चर्चासत्रे, लेखन इत्यादी ग्राह्य धरले जाते. स्वयंअध्ययन मात्र ५ तासांपर्यंतच.

नूतनीकरणाच्या वेळी प्रमाणपत्रे जोडावी लागत नाहीत. अभियंता स्वतःच पूर्ततेची ग्वाही देतो. परवाना मंडळ काही जणांच्या नोंदी तपासते. विषयाची निवडही अभियंत्याकडेच असते. त्यामुळे तासांची संख्या पूर्ण करणे सोपे आहे. आपल्या ज्ञानातील उणीव ओळखून ती दूर करणे अवघड आहे. या नियमाची सार्थकता मात्र त्यावरच अवलंबून आहे.