जुनी बुलेट रस्त्यावर आणताना: आधी कागद, मग इंजिन, रंग सर्वांत शेवटी

चेन्नई : उत्तर चेन्नईतील तिरुवोट्टियूर येथे 1955 मध्ये ‘एन्फील्ड इंडिया’च्या कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि 1956 अखेर तेथून 163 बुलेट मोटारसायकली तयार होऊन बाहेर पडल्या. आरंभी इंग्लंडमधील रेडिच येथून सुटे भाग येत व मद्रासला त्यांची जुळणी होई. सीमेवरील गस्तीसाठी भारतीय लष्कराने हीच गाडी पसंत केली होती. मूळ इंग्रज कंपनीचे उत्पादन 1970 मध्ये थांबले, मद्रासची बुलेट मात्र फारसे रूप न पालटता निघत राहिली. ओतीव लोखंडाचा ब्लॉक असलेले तिचे जुने इंजिन थेट 2009-10 च्या सुमारास निवृत्त झाले.

त्या काळातील कित्येक गाड्या आज जिन्याखाली, गोठ्यात किंवा वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभ्या आहेत. वडिलांची वा आजोबांची अशी गाडी पुन्हा चालू करावी, असे ज्यांना वाटते त्यांतील अनेकांनी पूर्वी कधी हातात पाना धरलेला नसतो. त्यांच्यासाठी बुलेट हे तसे सोयीचे यंत्र आहे. 70 मिलिमीटर बोअर आणि 90 मिलिमीटर स्ट्रोकचे, 346 सीसीचे एकच सिलिंडर. इंजिन व गिअरबॉक्स स्वतंत्र. बहुतेक भाग डोळ्यांना दिसणारे आणि हाताने उलगडता येणारे. अडचण यंत्रात कमी आणि घाईत अधिक असते. वीस-पंचवीस वर्षे पडून राहिल्याने जेवढी हानी होत नाही, तेवढी पहिल्या आठवड्यातील उत्साहाने होऊ शकते.

या उत्साहाचा पहिला बळी बहुधा क्रमांक ठरतो. इंजिनाचा क्रमांक क्रँककेसवर आणि चेसिसचा क्रमांक हँडलच्या मानेजवळ ठोकलेला असतो. गंज काढण्यासाठी चौकट वाळूच्या माऱ्याखाली दिली, त्यावर ग्राइंडर फिरवला किंवा पावडर कोटिंगचा जाड थर चढवला, की उथळ ठोकलेले आकडे पुसट होतात वा बुजतात. परिवहन कार्यालयातील तपासणीच्या वेळी याच आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला जातो. तो उमटला नाही, तर सुंदर झालेली गाडीही संशयास्पद ठरते. म्हणून चौकट कामाला देण्यापूर्वी क्रमांकाची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत, कागदी ठसे काढून ठेवावेत आणि तेवढा भाग झाकूनच पुढचे काम करावे.

कागदपत्रांची चौकशीही पाना उचलण्याआधीच व्हायला हवी. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. पडून राहिलेल्या गाडीचे ते सहसा झालेलेच नसते. मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी नमुना 31, नोंदणी पुस्तक हरवले असेल तर दुय्यम प्रतीसाठी नमुना 26 आणि नूतनीकरणासाठी नमुना 25 भरावा लागतो. जुन्या हस्तलिखित नोंदवह्यांतील गाडी ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढलेली नसेल, तर ती नोंद आधी करून घ्यावी लागते. चेन्नईत घेतलेली गाडी पुण्यात किंवा नागपुरात कायमची ठेवायची असेल, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. हे सारे कंटाळवाणे खरे. परंतु इंजिनावर मोठा खर्च केल्यानंतर गाडीला कागदच नाहीत हे कळणे त्याहून वाईट.

यानंतर वळायचे ते इंजिनाकडे. पडीक गाडी दिसली की किक मारून पाहण्याचा मोह आवरत नाही, आणि तो आवरायलाच हवा. दीर्घकाळ उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा ब्लॉकच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत हे विशेष संभवते. अशा वेळी किकवर शरीराचा भार टाकला तर रिंग तुटते, तिच्या तुकड्याने ब्लॉकवर ओरखडा पडतो किंवा किकचे दातेच झिजतात. त्याऐवजी प्लग काढून त्या छिद्रातून गंज सोडवणारे पातळ तेल आत सोडावे आणि गाडी काही दिवस तशीच राहू द्यावी. मग वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवावे. चाकासोबत पिस्टन किंचित सरकला तरी काम निम्मे झाले. न सरकल्यास पुन्हा तेल आणि पुन्हा प्रतीक्षा. येथे लागतो तो संयम, ताकद नव्हे.

दुसरा धोका दिसत नाही, म्हणून अधिक मोठा आहे. या बुलेटची तेलाची टाकी क्रँककेसमध्येच घडवलेली आहे. गाडी बराच काळ उभी राहिली की तेल पंपातून झिरपत खालच्या कप्प्यात साचते, वरची टाकी रिकामी दिसते आणि नवशिका त्यात आणखी तेल ओततो. म्हणून आधी खालचे बूच उघडून सगळे जुने तेल काढावे, गाळणी धुवावी आणि नव्या तेलाला वाट मिळते आहे ना, हे पाहावे. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाशी या इंजिनात रोलर बेअरिंग नसून तरंगता बुश असतो. तो तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तेल पोहोचले नाही तर काही मिनिटांत खराब होतो. पूर किंवा चक्रीवादळात बुडालेल्या गाडीबाबत तर ही दक्षता अनिवार्यच आहे. डिसेंबर 2015 चा महापूर आणि डिसेंबर 2023 मधील ‘मिचाँग’ चक्रीवादळ चेन्नईने अनुभवले आहे. पाण्याखाली गेलेले इंजिन पूर्ण उघडून, धुऊन, वाळवल्याखेरीज फिरवू नये.

नट-बोल्टांची कथा वेगळीच आहे. बुलेटचा जन्म इंग्लंडचा, त्यामुळे जुन्या गाड्यांत आटे ब्रिटिश मापाचे आहेत. घरातील मिलिमीटरच्या मापाचा पाना त्यांना ‘जवळपास’ बसतो आणि जोर लावला की बोल्टची कड खातो. मधल्या काळात एखाद्या मिस्त्रीने वेळ निभावण्यासाठी भलताच बोल्ट कोंबलेला असतो, तेव्हा ॲल्युमिनियममधील आटेही गेलेले आढळतात. ब्रिटिश मापाच्या पान्यांचा छोटा संच ही या कामातील पहिली खरेदी असावी. चकचकीत सायलेन्सर नंतर घेता येतो. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र, काढल्यावर वेगळी पिशवी आणि पिशवीवर चिठ्ठी, हा नियम क्षुल्लक वाटतो. चार महिन्यांनी गिअरबॉक्सचा एक वायसर उरला म्हणजे त्याचे मोल कळते. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसणे सुरक्षित.

सुट्या भागांसाठी चेन्नईतील वाट ठरलेली आहे. नव्या भागांची दुकाने अण्णा सालैलगतच्या जनरल पॅटर्स रोडवर, तर मोडीत निघालेल्या वाहनांचे भाग एग्मोरजवळ, कूवम नदीच्या काठच्या पुदुपेटमध्ये. मुंबईकरांना कुर्ल्याचा सीएसटी रस्ता आठवावा, तसाच हा बाजार. बुलेट इतकी वर्षे निघत राहिल्याने भागांची वानवा नाही. फसगत होते ती सारखेपणामुळे. सहा व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टचा दिवा, एका वर्षाच्या गिअरबॉक्सला दुसऱ्या वर्षाचे झाकण, मूळ घडणीच्या जागी कच्च्या धातूची नक्कल, असे घोटाळे काउंटरवर उमगत नाहीत. जुना भाग सोबत नेऊन, शेजारी ठेवून, मोजूनच नवा घ्यावा. आणि क्रमांक ठोकलेला क्रँककेस किंवा चौकट कितीही स्वस्त मिळाली तरी पावती व कागदांविना घेऊ नये. मूळ क्रँककेसला तडा असला, तरी जाणत्या वेल्डरकडून तो सांधून घेता येतो का, हे आधी पाहिलेले बरे.

मूळ भाग राखण्याला आता कायद्याचेही कारण मिळाले आहे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 50 वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी तरतूद केली. अट अशी की, गाडी मूळ रूपात राखलेली असावी. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत. अशा गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, पुनर्नोंदणीचे 5,000 रुपये आणि मुदत 10 वर्षे. म्हणजे 1970 च्या आगेमागे निघालेल्या बुलेटची चौकट कापून तिला लांब मानेची ‘चॉपर’ करणारा मालक गाडीचे रूपच नव्हे, तर ही पात्रताही घालवून बसतो. मात्र या नोंदणीत रोजच्या वापराची मुभा नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, त्यासाठीचे इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी गाडी रस्त्यावर आणता येते. ज्याला तिच्यावरून दररोज कचेरीला जायचे आहे, त्याने साध्या नोंदणीचे नूतनीकरण करणेच योग्य.

रंगाचा मुद्दा मुद्दामच शेवटी. बुलेटच्या टाकीवरील सोनेरी रेषा तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात कारागीर हाताने, ब्रशच्या एका ओढीत काढत आले आहेत. एखाद्या पडीक गाडीवर त्या रेषा अजून तग धरून असतील, तर धूळ धुऊन हलके पॉलिश करण्यापूर्वी रंगाऱ्याकडे धाव घेऊ नये. एकदा खरवडलेला मूळ रंग परत येत नाही. टाकीच्या आतला गंज मात्र काढावाच लागतो. आजचे पेट्रोल इथेनॉलमिश्रित असते आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते. त्यामुळे जुनी रबरी नळी व कॉकची सीले बदलावीत आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत.

मग येते पहिली किक. कॉइलच्या गाडीत चावी फिरवून किक हळूहळू दाबावी. ॲमीटरचा काटा डावीकडून मध्यावर आला की पॉइंट उघडले असे समजावे. डाव्या हाताखालची डीकॉम्प्रेसरची कळ दाबून किक थोडी पुढे सरकवावी, कळ सोडावी, किक पुन्हा वर येऊ द्यावी आणि मग पूर्ण मारावी. टायमिंग पुढे असेल तर किक उलट फिरते व घोटा दुखावतो, म्हणून पायात चप्पल नको. इंजिन सुरू होताच वेग न वाढवता तेलाच्या टाकीचे झाकण उघडून परतीचे तेल येते की नाही ते पाहावे. ते दिसले नाही, तर चावी तत्काळ बंद. दिसले, तर पहिल्या काही शेकडो किलोमीटरपर्यंत गाडी संथ चालवावी, वाटेत थांबून बोल्ट आवळावेत आणि ते तेल लवकरच बदलावे. काळ्या तेलात चमकणारी कणी दिसली, तर इंजिन पुन्हा उघडावे लागते.