डेक्कन कॉलेज डेक्कनला नाही!

आधी एक गोंधळ मिटवू. पुण्यात कुणी ‘डेक्कनला भेटू’ म्हटलं, की तुम्ही गुडलक चौकाच्या आसपास जाऊन उभे राहता. बरोबर? डेक्कन कॉलेज तिथे नाही. ते नदी ओलांडून पार येरवड्यात आहे. मी पुण्यात जन्मले, इथेच शिकले, इथेच मास कॉमची डिग्री घेतली आणि परवापर्यंत मलाही हे धड माहीत नव्हतं. ‘आपल्याच शहरात टुरिस्ट’ असा विषय हातात पडल्यावर मी उत्साहाने शनिवारवाड्याचं नाव सांगितलं. सीनिअर मॅडमनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “शनिवारवाडा कितीदा पाहिलायस? जिथे गेलेलीच नाहीस तिथे जा.”

म्हणून डेक्कन कॉलेजचं म्युझियम. प्लॅन एकटीनेच जायचा होता. पण आदल्या रात्री जेवताना बोलून गेले, की तिथे इनामगावच्या उत्खननातल्या वस्तू आहेत, तीन हजार वर्षांपूर्वीच्या. आजीचा हात ताटातच थांबला.

“कुठलं इनामगाव? आपल्या घोडनदीचं?”

आजीचं माहेर आणि सासर दोन्ही शिरूर तालुक्यातलं. दोन्ही घोड नदीच्या काठचं. सकाळी मी आवरून बाहेर आले तर आजी नवं लुगडं नेसून, चपला घालून दारात बसलेली. विषय संपला.

आता थोडा इतिहास, पण कंटाळा येणार नाही इतकाच. १८१८मध्ये पेशवाई संपली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा वाटायचे, त्या दक्षिणेच्या निधीतले काही पैसे वळवून एल्फिन्स्टनच्या काळात १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तीच पुढे पूना कॉलेज झाली आणि मग डेक्कन कॉलेज. येरवड्याची ही दगडी गॉथिक इमारत १८६०च्या दशकातली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीचा तिला मोठा आधार होता. झाडीतून चालत गेलात की समोर टोकदार कमानी आणि मनोरा दिसतो आणि पहिला विचार येतो तो फोटोचाच. काढा, लाजू नका. मीही सोळा काढले.

सरकारने हे कॉलेज १९३४ साली बंद करून टाकलं होतं. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९३९ साली संशोधन संस्था म्हणून ते पुन्हा उघडलं. त्या पहिल्या तुकडीतले शिक्षक बघा. पुरातत्त्वाला हसमुख सांकलिया, समाजशास्त्र आणि मानवशास्त्राला इरावती कर्वे, मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यंबक शंकर शेजवलकर. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या आणि पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या इरावतीबाई सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांचा अभ्यासही करत होत्या, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या पिढीला त्या फक्त धड्यातून भेटल्या.

पुरातत्त्वाचं म्युझियम सुरू होतं ते दगडांपासून. खरं सांगू? पहिली दहा मिनिटं मला सगळे दगड सारखेच दिसले. हातकुऱ्हाड, फरशी, पातं, सूक्ष्मास्त्रं. शाळेच्या सहलीत एका म्युझियममध्ये आम्हाला रांगेतून पंधरा मिनिटांत फिरवून थेट बसमध्ये बसवलं होतं, तेव्हापासून काचेची कपाटं दिसली की माझे पाय आपोआप भराभर पडतात. यावेळी आजीच्या गुडघ्यांमुळे वेग निम्मा झाला. बरंच झालं. दगडाच्या कडेला एकसारख्या टवक्या काढलेल्या दिसायला लागल्या. कुणीतरी बसून, हाताचा अंदाज घेत, बाजू उलटवून उलटवून ते केलेलं आहे. एकदा ते दिसलं की मग तो साधा दगड वाटत नाही.

राजवाड्यातल्या म्युझियममध्ये तलवारी, पालख्या, दागिने असतात. आपण ‘वा!’ म्हणतो आणि पुढे जातो. विद्यापीठाचं म्युझियम वेगळं असतं. इथल्या वस्तू विकत आणलेल्या किंवा भेट आलेल्या नाहीत, बहुतेक इथल्याच शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी जमिनीतून काढलेल्या आहेत. सोनं-नाणं नाहीच म्हटलं तरी चालेल. फुटकी भांडी, हाडं, जळलेलं धान्य, मणी. कोर्टात पुरावा मांडावा तसं सगळं मांडलेलं असतं. त्यामुळे इथे ‘सुंदर आहे का’ हे विचारण्यापेक्षा ‘यावरून काय कळलं’ हे विचारायचं. मला ही किल्ली अर्ध्या तासाने सापडली, तुम्ही ती दारातच घेऊन आत जा.

जोर्वे संस्कृतीच्या भांड्यांपाशी आजी थांबली. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं. लाल भांडी, वर काळ्या रंगाची नक्षी, बाजूला तोटी. आजीने काचेला नाक लावलं.

“ही झारी हाय. आन् तो रांजण. ह्यात नवीन काय?”

मी समजवायला गेले, की आजी, हे तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे. ती म्हणाली, “असंल की. रांजण रांजणच असतो.”

इनामगाव पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे १२ हंगाम खोदलं. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी हे त्यातले मुख्य. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं एक अख्खं शेतकरी गाव त्यांना सापडलं, १३०हून जास्त घरांचं. सातू, गहू, मसूर, हुलगा पिकवणारं. घरात चूल, धान्याला पेव, कणगी ठेवायला मातीचे गोल ओटे, रांजणाखाली ठेवायला चार चपटे दगड. पाण्याचा पाट आणि बांधसुद्धा घातलेला. मी हे वाचून दाखवत होते आणि आजी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, जणू मी तिच्या सासरच्या घराचं वर्णन करत होते. “चार दगडांवरच ठेवायचं,” ती म्हणाली, “न्हाईतर वाळवी लागती.” माझ्या नोटबुकात पुस्तकी माहितीची दोन पानं भरली होती. वाळवी त्यात कुठेच नव्हती.

मग आली दफनं.

हा भाग तुम्हाला आधीच सांगून ठेवते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. इनामगावचे लोक आपल्या माणसांना गावाबाहेर नेत नसत, घराच्या जमिनीखाली किंवा अंगणातच पुरत. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले सापडले. का? मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा एक अंदाज आहे. चार पायांच्या मातीच्या एका मोठ्या रांजणात मात्र एक पुरुष बसवलेला आहे, गुडघे पोटाशी घेऊन, आणि त्याचे पाय शाबूत आहेत. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात तो मिळाला. गावातलं बडं प्रस्थ असणार.

पण आजी त्याच्यापाशी थांबली नाही. ती थांबली दोन घटांपाशी. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. लहान मुलांना असं पुरायचे. इनामगावात सापडलेली बहुतेक दफनं लहान मुलांचीच आहेत.

“पोटावानी केलंय,” आजी हळूच म्हणाली.

मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तिनेच सांगितलं. बाबांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. सात महिन्यांची होऊन गेली. आपल्याकडे इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत. शेताच्या बांधावर, बाभळीखाली ठेवलं. “आमच्या सासूबाई म्हणल्या, लांब नको, नजरंसमोर ऱ्हाऊ दे.” बावीस वर्षं मी या बाईच्या कुशीत झोपले आहे. मला एक आत्या होती हे मला येरवड्यातल्या एका म्युझियममध्ये कळलं.

तिथे मला एक प्रश्न पडला, तो तुमच्यापुढेही ठेवते. माणसांची हाडं अशी काचेत ठेवावीत का? ती काढली नसती तर ही माणसं काय खायची, त्यांचे दात कसे होते, किती मुलं लहानपणीच जायची, यातलं काहीच कळलं नसतं, हे खरं आहे. पण कुणाच्या तरी आईने घरात, पायाखालच्या जमिनीत जपून ठेवलेलं ते मूल होतं, हेही खरं. मी आजीला विचारलं. तिने बराच विचार केला. मग म्हणाली, “हितं निदान कुणी बघतं तरी.” मला अजून हे पुरेसं वाटत नाही. पण माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

इनामगावचं शेवटचं पर्व वाईट आहे. पाऊस कमी झाला, शेती आटली. आधीची ऐसपैस चौकोनी घरं गेली आणि छोट्या गोल झोपड्या आल्या. शिकारीवर भर वाढला. इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास गाव ओस पडलं. आजीला मी एवढंच सांगितलं, की दुष्काळाने लोक निघून गेले. “बहात्तरला आमी बी निघालोच की,” ती म्हणाली. १९७२च्या दुष्काळात आधी तिकडेच खडी फोडायला, मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन, आणि मग आजोबांबरोबर पुण्याला. म्हणून मी ‘पुणेकर’.

बाकीचं भराभर सांगते. इथेच मराठ्यांच्या इतिहासाचं म्युझियम आहे. द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह १९३९ साली इकडे आला. नाना फडणवीसांचं मेणवली दफ्तर त्यातलंच. मोडी येत नसेल तरी कागदावरच्या त्या न तुटणाऱ्या ओळी बघाच. टिळक इथे शिकले आणि कॉलेजने त्यांची खोली जपून ठेवली आहे. पहिलं वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा तब्येत कमावण्यात घालवलं, हे जिमवाल्यांनी घरी जरूर सांगावं. आणि शब्दकोशाचं काम विसरू नका. १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी संस्कृतचा महाकोश हाती घेतला. दीडेक हजार ग्रंथांतून काढलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या, पहिला खंड १९७६ साली. पस्तिसेक खंड निघाले तरी ‘अ’ संपलेला नाही. तुमचं सबमिशन एक दिवस उशिरा गेलं तर एवढं मनाला लावून घेऊ नका.

जायचं असेल तर आधी फोन करून वेळ विचारून घ्या. ही चालू संस्था आहे, तिला सुट्ट्या असतात, वर्ग असतात. रिक्षावाल्याला ‘येरवडा’ हा शब्द आधी सांगा, ‘डेक्कन’ नंतर. दोन तास हाताशी ठेवा. आणि जमलं तर बरोबर असं कुणीतरी न्या ज्याने रांजणातलं पाणी प्यायलेलं आहे.

परतीच्या रिक्षात आजी पुलापर्यंत गप्पच होती. घरी आल्यावर तिने बाबांना सांगून टाकलं, की येत्या रविवारी गाडी काढायची. इनामगाव वाटेत बघू म्हणाली. तिला पुढे जायचंय, बांधावरची ती बाभूळ अजून आहे का ते बघायला.