शिपाईदादांचा प्रश्न

आमच्या रात्रीच्या वर्गात कचेरीतले एक शिपाईदादा येतात. ते २००६ साली नोकरीला लागले. एके रात्री ते म्हणाले, "गुरुजी, पगार मलाही सरकारच देतं अन् आमदारांनाही. मग त्यांना एक न्याय अन् मला दुसरा, असं का?"

प्रश्न रास्त आहे. तो नीट समजून घेऊ.

शिपाईदादा नेमलेले आहेत, आमदार निवडलेले आहेत. नोकराचा पगार सरकार ठरवते. आमदारांचा पगार, राज्यघटनेच्या कलम १९५ प्रमाणे, विधिमंडळ कायदा करून ठरवते. म्हणजे आपला हात जगन्नाथ! पण आमदारांना पगार देण्याला कारणही आहे. पगार नसता, तर फक्त पैसेवाल्यालाच आमदारकी परवडली असती. शेतमजुराच्या मुलालाही सभागृहात बसता यावे, म्हणून पगार हवाच.

आता म्हातारपणाचे पाहू. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन महाराष्ट्र सरकारने बंद केली. पगारातून दरमहा रक्कम कापायची, सरकारने आपला वाटा घालायचा आणि पैसा बाजारात गुंतवायचा, अशी नवी रीत आली. हाती किती येईल याची खात्री नाही. आमदारांची पेन्शन मात्र चालू राहिली. २०१६ साली ती दरमहा ५०,००० रुपये झाली. पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला आणखी २,००० रुपये. म्हणूनच १४ मार्च २०२३ रोजी राज्यातले लाखो कर्मचारी संपावर गेले. २० मार्चला संप मिटला. २०२४ साली सरकारने पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी देणारी योजना मंजूर केली. तिला नोकरीच्या वर्षांची अट आहे.

जबाबदारीतही फरक आहे. न सांगता गैरहजर राहिलेल्या नोकराची चौकशी होते. ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला, तर तो निलंबित होतो. आमदार तुरुंगात गेला तरी आमदारच राहतो. गुन्हा शाबीत होऊन दोन वर्षे किंवा जास्त शिक्षा झाली, तर बहुतेक गुन्ह्यांत पद जाते. पूर्वी अपील केले की पद टिकत असे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत रद्द केली. परवानगीवाचून साठ दिवस सभागृहात आला नाही, तर सभागृह त्याची जागा रिकामी ठरवू शकते.

मग आमदाराचा साहेब कोण? कोणी नाही? असे नाही. त्याचे साहेब तुम्ही आहात. मात्र तुमची सही पाच वर्षांतून एकदाच चालते. मधेच परत बोलावण्याचा हक्क मतदाराला नाही.

खासदारांच्या पेन्शनविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फेटाळली. हा निर्णय संसदेचा आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पण कायदा बदलता येतो. पंजाबात आमदाराला प्रत्येक मुदतीची वेगळी पेन्शन मिळे. २०२२ साली तिथे 'एक आमदार, एक पेन्शन' असा कायदा झाला.

तेव्हा मत मागायला कोणी दारी आला, तर त्याला बसवा, पाणी द्या आणि विचारा : "सभागृहात किती दिवस हजर होता? आमच्यासाठी काय प्रश्न मांडले? पेन्शनचा कायदा बदलाल का?" माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करूनही हिशेब मागता येतो.

शिपाईदादांनी त्या रात्री तो अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. खाली अंगठा नव्हता, सही होती.