ग्रीस गन आणि मॉरिस मायनर

मॉरिस मायनरच्या मालकाजवळ गाडीचं कौतुक केलं, की तो आधी खाली वाकतो. आपण तिचं गोलमटोल बॉनेट न्याहाळत असतो आणि तो पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट दाखवत असतो. इंग्लंडमध्ये काही वर्षं राहिलो तेव्हा माझ्या शेजारी असे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्याकडे मागं लाकडी चौकट असलेली मायनर ट्रॅव्हलर होती. पहिल्याच भेटीत त्यांनी मला गाडीत बसवलं नाही, गाडीखाली झोपवलं.

तिथं जे दाखवलं ते असं. पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं, तिच्या दोन्ही टोकांना आटे पाडलेले असतात आणि ती टोकं वर-खाली एकेका बुशासारख्या तुकड्यात फिरतात. या तुकड्यांना ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की लोखंडी आटे त्यात फिरतात, मधे असतो तो फक्त ग्रीसचा पापुद्रा. ग्रीस भरायचं राहिलं तर आटे झिजत जातात आणि एक दिवस खालचा तुकडा पिनेला सोडून देतो. चाक आत दुमडतं आणि गाडी चौकात गुडघा टेकते. नशीब असेल तर हे गाडी सावकाश वळवताना होतं. म्हणून जाणती मंडळी हजार मैल भरले न भरले तोच ग्रीस गन हातात घेतात आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत दांडा मारत राहतात. काम दहा मिनिटांचं. पण ती दहा मिनिटं जो काढत नाही, त्यानं ही गाडी घेऊ नये.

गाडीची जन्मकथा मात्र ऐटबाज आहे. अ‍ॅलेक इसिगोनिस हा स्मर्ना इथं, म्हणजे आजच्या इझमीरमध्ये, जन्मलेला अभियंता. दुसरं महायुद्ध चालू असतानाच त्याचं 'मॉस्किटो' या नावानं या गाडीवर काम सुरू झालं होतं. नमुना जवळजवळ पक्का झाल्यावर त्याला ती अरुंद वाटायला लागली. त्यानं नमुन्याची गाडी लांबीत मधोमध कापून घेतली, दोन भाग हळूहळू एकमेकांपासून सरकवले आणि डोळ्याला बरं दिसलं तिथं थांबला. अंतर भरलं चार इंच. बॉनेटच्या मध्यावरून जी सपाट पट्टी जाते ती याच चार इंचांची. गंमत बंपरांची झाली. ते आधीच्या मापानं बनून पडले होते, तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांवर ते मधे कापून, चार इंचांचा तुकडा घालून बसवले. अशी जोडाची मायनर आज कुणाकडे असेल तर तो जोड तो झाकत नाही, मिरवतो.

कंपनीचे धनी लॉर्ड नफिल्ड यांना हे ध्यान मुळीच आवडलं नव्हतं. पाण्यात शिजवलेल्या अंड्यासारखी दिसते, असा त्यांचा शेरा सांगितला जातो. १९४८ च्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली आणि लोकांना ते अंडं आवडलं. डिसेंबर १९६० मध्ये दहा लाखावी मायनर बाहेर पडली. तोवर कुठल्याही ब्रिटिश गाडीनं हा आकडा गाठला नव्हता. त्या आनंदात कंपनीनं साडेतीनशेच्या आसपास गाड्या फिक्कट जांभळ्या रंगात काढल्या. हा रंग तेव्हा किती जणांना रुचला असेल याची मला शंका आहे. आज मात्र त्या गाड्यांसाठी माणसं वेडी होतात. १९७१ मध्ये शेवटची ट्रॅव्हलर बनली तेव्हा एकूण संख्या सोळा लाखांच्या पुढे गेली होती. सुईणी आणि परिचारिका या गाडीतून घरोघर फिरल्या, पोलिसांनी ती गस्तीला घेतली. टपालखात्याच्या सुरुवातीच्या व्हॅनना तर पुढची मडगार्डं रबराची होती, कुठं घासली तरी पत्रा ठोकायला नको.

इंजिन आधी जुन्या साइड व्हॉल्व्ह पद्धतीचं, ९१८ सीसीचं होतं. १९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र आल्या आणि ऑस्टिनचं छोटं ए-सिरीज इंजिन मायनरमध्ये आलं. ८०३, मग ९४८, मग १०९८ सीसी असं ते वाढत गेलं. याच घराण्याचं इंजिन पुढं इसिगोनिसच्याच मिनीमध्येही बसलं, त्यामुळे त्याची दुखणी आणि औषधं लाखो हातांना पाठ आहेत. हौशी माणसाला आणखी काय हवं? बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तू दिसते, आणि दिसते तिथं हात पोचतो. टॅपेटला बारा थाऊचा, म्हणजे इंचाच्या बारा हजारांशांचा, फीलर गेज, पॉइंटला पंधराचा. आमच्या तालुक्याच्या गावी अ‍ॅम्बेसेडरच्या मेस्त्रीकडे हेच आकडे थोड्याफार फरकानं ऐकले होते, फक्त तिथं गेजऐवजी विडीच्या पाकिटाचा कागदही चालायचा.

तो धागा वाटतो तितका लांबचा नाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला हिंदुस्तान मोटर्सनं मायनर 'बेबी हिंदुस्तान' म्हणून विकली होती. मायनरच्याच थोरल्या बहिणीची, म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीची, पुढं अ‍ॅम्बेसेडर झाली आणि उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत राहिली. पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी पीळ खाणारा टॉर्शन बार आणि रॅक अँड पिनियन स्टिअरिंग ही मायनरची दोन लक्षणं अ‍ॅम्बेसेडरमध्येही आहेत. ज्यानं ती चालवली त्याला मायनरखाली झोपल्यावर अनोळखी वाटणार नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो एसयू कार्ब्युरेटर. स्किनर नावाच्या, चपला-बुटांचा धंदा असलेल्या घरातला हा शोध, आणि पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता होता. पुढं भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला, कल्पना तीच राहिली. इंजिन जितकी हवा ओढेल तितका पिस्टन वर उचलला जातो. त्याला खाली निमुळती सुई असते, तीही वर सरते आणि जेटमधली वाट तेवढीच मोकळी होऊन पेट्रोल वाढतं. वर एक झाकण उघडून चमचाभर पातळ तेल टाकायचं, म्हणजे पिस्टन एकदम उसळी घेत नाही. जमलंय का ते पाहण्याची रीतही साधी. गाडी चालू ठेवून पिस्टन बोटानं किंचित उचलायचा. इंजिन जोरात पळू लागलं आणि तसंच पळत राहिलं तर पेट्रोल जास्त, बंद पडायला आलं तर कमी. क्षणभर वेग घेऊन पुन्हा जागेवर आलं तर झाकण लावून चहाला जायला हरकत नाही.

सगळंच असं गोड नाही. ब्रेकचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चासीच्या पोकळीत लपवलेला आहे आणि त्याचे बोल्ट काढायला गेलं की टॉर्शन बार आडवा येतो. हे काम करताना इसिगोनिसचं मोठेपण कुणाला आठवत नाही. आणि ट्रॅव्हलरचं लाकूड! ते शोभेचं नाही. मागचा सारा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा आहे, गाडीचा भार तो वाहतो, म्हणून लाकूड कुजलं तर वार्षिक तपासणीत गाडी नापास होऊ शकते. खिडक्यांच्या खाचांत इंग्लंडच्या पावसानं शेवाळं धरतं. शेजारी दर पावसाळी आठवड्यानंतर जुना टूथब्रश घेऊन तिथं बसलेले दिसत. पावसाळी आठवडे तिकडे किती असतात ते सांगायला नको.

एवढ्या वर्षांनी सुटे भाग मिळतात तरी कुठून? याचं बरंचसं श्रेय चार्ल्स वेअर यांना जातं. बाथ शहरात त्यांनी मॉरिस मायनर सेंटर काढलं आणि एक हिशेब मांडला: नवी गाडी दर वर्षी किंमत गमावते, ते गेलेले पैसे कुणाच्याच हाती लागत नाहीत. तेच पैसे जुन्या गाडीच्या दुरुस्तीवर घातले तर गाडीही राहते आणि कारागिराच्या घरची चूलही पेटते. गरज पडली तेव्हा त्यांनी श्रीलंकेतल्या कारागिरांना जोडून घेतलं. तिकडेही मायनर भरपूर होत्या आणि पत्रा हातानं घडवणारे हात शिल्लक होते. तिथं घडलेले पत्रे इंग्लंडच्या गाड्यांवर चढले. साम्राज्याच्या काळात माल उलट दिशेनं जायचा, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

कायद्यानंही हौशी लोकांची बाजू घेतली. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं उलटलेल्या, फारशी न बदललेल्या गाडीला रस्ताकर पडत नाही आणि मे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. शेजारी तरीही दर वर्षी तपासणी करून घेत. आपल्या डोळ्यांवर आपला विश्वास नाही, म्हणत. पेट्रोलनं मात्र दोनदा डोकं खाल्लं. १९९९ संपताना शिसंयुक्त पेट्रोल गेलं, तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठका झिजण्याची भीती आली. ज्यांना परवडलं त्यांनी कडक पोलादाच्या बसवल्या. २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि जुन्या रबरी नळ्या बदलाव्या लागल्या. आपल्याकडे त्याच वर्षी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आले, पण अशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. मला हे पटत नाही. उभी राहिलेली मायनर चालत्या मायनरपेक्षा लवकर मरते: ब्रेकचे सिलिंडर अडकतात, रबर चिरतं, टाकीत गंज धरतो.

तसं पाहिलं तर मालकांतही दोन पंथ आहेत. एका पंथाला १९६१ पर्यंतच्या गाडीच्या कडेच्या खांबातून बाहेर येणारा, आत दिवा असलेला वळणाचा हातच हवा, मागच्या ट्रकवाल्याला तो कळो न कळो. दुसरा पंथ पुढे डिस्क ब्रेक बसवतो आणि निवांत झोपतो. गाडी ट्रेलरवर चढवून प्रदर्शनाला नेणारा तिसराही प्रकार आहे, त्याच्याबद्दल न बोललेलं बरं. शेजाऱ्यांनी डिस्क ब्रेक बसवले होते आणि वळणाचे हातही ठेवले होते. त्यावरून त्यांना दोन्हीकडून बोलणी बसत.

हिवाळ्यातल्या एका सकाळी त्यांनी मला चालवायला दिली. किल्ली फिरवली की पेट्रोलचा विजेवरचा पंप टकटक करतो, कार्ब्युरेटरची वाटी भरली की आपोआप गप्प होतो. त्या दिवशी टकटक झालीच नाही. मी पुन्हा किल्ली फिरवली, तरी शांतता. शेजारी उतरले, बॉनेट उघडलं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं पंपाला एक हलकी चापट दिली. टकटक सुरू झाली. मी स्टार्टर ओढणार तेवढ्यात त्यांनी हात वर करून थांबवलं आणि डिकीतून ग्रीस गन काढली.