धूर, विस्तव आणि गर्भपिशवी

मंडळी, तत्त्वज्ञानाचा मास्तर गर्भपिशवीवर काय बोलणार, असं पुढच्या रांगेतल्या दोघींच्या चेहऱ्यावर दिसतंय. मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा. खुणेवरून अनुमान कसं करावं, एवढंच माझं क्षेत्र.

आपल्याकडे दर हंगामाला बीडहून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आकडा आला: बीडमध्ये पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. कित्येकजणी चाळिशीच्या आतल्या. तक्रार काय, तर पोट दुखतंय, अंगावरून पांढरं जातंय. अनेकींना सांगितलं गेलं, काढा, नाहीतर कॅन्सर होईल. अहो, नुसतं पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं असतं, गोळ्यांनी बरं होणारं!

आता न्यायशास्त्र. धुरावरून विस्तव ओळखता येतो, विस्तवावरून धूर नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात धूर कुठं असतो? अशा फसव्या हेतूला सव्यभिचार म्हणतात. पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरची मुख्य खूण म्हणजे पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त जाणं. पाळी गेल्यानंतर हा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या सुमारे ९० जणींना ती दिसते. उलटं बघा: असं रक्त गेलेल्या शंभरातल्या साधारण ९ जणींनाच कॅन्सर निघतो. म्हणजे ही खूण निकाल नव्हे, संशय आहे. पण संशय झटकायचा नसतो, बरं का. नैयायिकांनी त्याला सोळा पदार्थांत बसवलंय.

तपास फार अवघड नाही. सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरपर्यंत पातळ असलं तर धोका फार कमी. जाड असलं, किंवा रक्त पुन्हा गेलं, तर अस्तराचा तुकडा काढून बायोप्सी. लठ्ठपणा, मधुमेह असेल तर जास्त जपायचं. कॅन्सर आधी कळला तर ऑपरेशनच बदलतं: बीजकोष, नळ्याही काढतात, आणि पिशवी आत तुकडे करून काढत नाहीत, पेशी पसरतात म्हणून.

माझ्या थोरल्या बहिणीला पाळी गेल्यावर आठ वर्षांनी डाग दिसला. ‘ह्या वयात कुणाला सांगू’ म्हणून चार महिने तिनं लपवला. बायोप्सीत कॅन्सरच निघाला. सुदैवानं पिशवीच्या आतच होता. तिची पिशवी काढली, ते योग्यच होतं.

हां, मागच्या ताई विचारतायत, सरळ ऑपरेशन सांगितलं तर काय बोलायचं? दोनच प्रश्न. बायोप्सीचा रिपोर्ट कुठाय? आणि काढलेली पिशवी तपासायला पाठवणार ना?